ऊस परिषद (जयसिंगपूर)

ऊस परिषद ही महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर येथे दरवर्षी ऊस गाळप हंगामाच्या तोंडावर भरणारी शेतकऱ्यांची जाहीर परिषद आहे. स्वाभिमानी शेतकरी संघटना ही तिची संयोजक असून माजी खासदार राजू शेट्टी हे तिचे प्रमुख नेते आहेत. मागील हंगामातील उसाची राहिलेली रक्कम आणि चालू हंगामातील पहिली उचल किती मिळावी याची मागणी या परिषदेत ठरावाद्वारे जाहीर केली जाते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचे धुराडे पेटण्याचा मुहूर्त अनेक वर्षे या ठरावावर आणि त्यानंतर होणाऱ्या वाटाघाटींवर अवलंबून राहिला आहे.

उसाला किमान किती दर द्यावा हे केंद्र सरकारच्या कायद्याने ठरते. तरीही दरासाठी दरवर्षी मैदानात सभा भरवावी लागते, याचे कारण पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखानदारी आणि राजकीय सत्ता यांच्या संबंधांत आहे. ऊस विकत घेणारा, उसाच्या उद्योगाला कर्ज देणाऱ्या बँकेवर बसणारा आणि उसासंबंधी धोरण ठरविणाऱ्या सभागृहात निवडून जाणारा, हे या भागात पुष्कळदा एकाच नेतृत्वगटातील लोक असतात. आधुनिक लोकशाहीत उद्योगांच्या राजकारणावरील प्रभावाची चर्चा होते तेव्हा जयसिंगपूरची ऊस परिषद हे त्या प्रश्नाचे ग्रामीण महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे उदाहरण ठरते.

स्थळ

जयसिंगपूर हे शहर राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वसविले आणि त्यास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील या शहराची उभारणी बाजारपेठ म्हणून आखणीपूर्वक करण्यात आली. सरळ रस्ते व काटकोनात जाणाऱ्या गल्ल्या ही त्याची आजही दिसणारी खूण आहे. शिरोळ तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला असून ऊस हे तेथील प्रमुख पीक आहे. पूर्वेकडे व दक्षिणेकडे कर्नाटकाची सीमा लागून असल्याने या तालुक्यातील ऊस दोन्ही राज्यांतील कारखान्यांना जातो. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना येण्यास सोयीचे असे हे ठिकाण आहे. परिषद शहरातील विक्रमसिंह क्रीडांगणावर भरते.

पार्श्वभूमी : साखर कारखाना आणि सत्ता

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरानगर येथे झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. खासगी साखर कंपन्यांच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी आणि साखरेच्या नफ्याचा धनी ऊस पिकवणारा व्हावा, ही त्यामागील प्रेरणा होती. कोल्हापूर परिसरात रत्नाप्पा कुंभार यांनी पंचगंगा, तर तात्यासाहेब कोरे यांनी वारणा कारखाना उभारला. शिरोळ येथे दत्त कारखाना उभा राहिला. कसबा बावडा येथील संस्थानकालीन कारखान्याचेही पुढे सहकारी कारखान्यात रूपांतर झाले.

या कारखान्यांनी ग्रामीण भागात पाणीपुरवठा योजना, रस्ते, शाळा, महाविद्यालये व रुग्णालये आणली, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य आहे. मात्र कारखान्याच्या उभारणीस राज्य शासनाचे भागभांडवल, कर्जास शासनाची थकहमी आणि परवान्यास शासनाची संमती लागत असल्यामुळे कारखाना चालविणाऱ्यास मुंबईतील सत्तेशी सलोखा ठेवणे क्रमप्राप्त झाले. उलट बाजूने, हजारो सभासद, शेकडो कामगार आणि वाहनांचा ताफा हाताशी असणारा अध्यक्ष निवडणुकीच्या राजकारणात पक्षाला हवाहवासा झाला. जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, दूध संघ आणि शिक्षणसंस्था या कारखान्याभोवती गुंफल्या गेल्या. 'साखरसम्राट' हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच परिस्थितीत. सांगलीचे वसंतदादा पाटील यांच्यासह राज्याचे अनेक मंत्री व मुख्यमंत्री सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आले. हे नेतृत्व दीर्घकाळ मुख्यतः काँग्रेसमध्ये होते, नंतर राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आणि पुढे भारतीय जनता पक्ष व शिवसेनेतही विखुरले. पक्ष बदलले तरी कारखान्यावरील घराण्यांची पकड पुष्कळ ठिकाणी कायम राहिली.

दैनंदिन नियंत्रणाची साधने

कारखान्याची सत्ता शेतकऱ्याला मुख्यतः चार गोष्टींत जाणवते.

पहिली गोष्ट म्हणजे उसाची नोंद आणि तोडीची पाळी. ऊस पक्व झाल्यावर वेळेत तुटला नाही तर त्यास तुरे येतात, वजन घटते आणि पुढील पिकाचा हंगाम चुकतो. तोडणी टोळी कोणाच्या फडात आधी जावी हे कारखान्याचे शेती खाते ठरविते. विरोधी गटाच्या सभासदाचा ऊस मागे ठेवण्याचा आरोप कारखान्याच्या निवडणुकांत सतत होत आला आहे. दुसरी गोष्ट वजनकाट्याची. काटा कारखान्याचा आणि पावतीही कारखान्याची असल्याने वजनात घट दाखविली जात असल्याची तक्रार केली जाते. ग्रामीण बोलीत तिला 'काटामारी' म्हणतात. तिसरी गोष्ट साखर उताऱ्याची. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली यावर दर ठरतो आणि हे मोजमापही कारखान्यातच होते. चौथी गोष्ट सभासदत्वाची. मतदारयादीत कोणास घ्यावे, मयत सभासदाच्या वारसाची नोंद कधी करावी, कोणास अक्रियाशील ठरवावे, या निर्णयांवर संचालक मंडळाच्या निवडणुकीचा निकाल फिरू शकतो.

अशा रीतीने ज्याच्याकडे दर वाढवून मागायचा त्याच्याच हाती पुढील वर्षीच्या तोडीचे पत्रक असते. एकट्या शेतकऱ्याला तक्रार करणे महागात पडू शकते आणि म्हणून सामुदायिक ठरावाला महत्त्व येते.

अभ्यासकांचे निष्कर्ष

साखर सहकार आणि राजकारण यांचा संबंध समाजशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञांनी सविस्तर तपासला आहे. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव येथील कारखान्याचा अभ्यास करून १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवूड यांचा पश्चिम भारतातील साखर अर्थकारणावरील ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. सहकारी कारखाने शेतकऱ्यांच्या सहभागामुळे यशस्वी ठरले, ही बाजू त्यांनी मांडली.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सभासदांमधील विषमता आणि उसाचा दर यांचा संबंध दाखविला. मोठ्या बागायतदारांच्या हाती नियंत्रण असलेल्या कारखान्यात उसाचा दर कमी ठेवल्यास शिल्लक रक्कम कारखान्याकडे राहते आणि तिचा विनियोग नियंत्रण करणाऱ्यांच्या इच्छेनुसार होऊ शकतो. कमी दराचा तोटा मात्र लहान शेतकऱ्यासही सोसावा लागतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

संदीप सुखटणकर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील कारखान्यांच्या अध्यक्षांची नावे विधानसभा व लोकसभेच्या उमेदवारांशी ताडून पाहिली. राजकीय नेत्यांच्या नियंत्रणातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात, असे त्यांना आढळले. कारखान्याचा पैसा प्रचाराकडे वळत असल्याचे ते लक्षण त्यांनी मानले. तथापि नेता निवडून आल्यास शेतकऱ्यांना पुढे काही प्रमाणात भरपाई मिळते, असेही त्यांनी नोंदविले. नेत्याची सत्ता वाढली तर आपल्या पदरातही काही पडेल, या अपेक्षेने शेतकरी त्याला साथ देतात, ही गुंतागुंत या निष्कर्षातून स्पष्ट होते.

उसाच्या दराचा कायदा

जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये काढलेल्या ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरविते. आरंभी त्यास वैधानिक किमान दर म्हणत. भार्गव समितीच्या शिफारशीनुसार १९७४ साली या आदेशात कलम ५अ घालून कारखान्याच्या जादा नफ्यात ऊस उत्पादकास वाटा देण्याची तरतूद झाली. २००९–१० च्या हंगामापासून किमान दराची जागा 'रास्त व किफायतशीर दर' या संकल्पनेने घेतली. तो 'एफआरपी' या आद्याक्षरांनीच सर्वत्र ओळखला जातो. याच वेळी कलम ५अ रद्द झाले.

२०२४–२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल ३४० रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये असा एफआरपी होता. २०२५–२६ साठी तो ३५५ रुपये करण्यात आला. कोल्हापूर परिसरात उतारा राज्याच्या सरासरीपेक्षा चांगला असतो. उदाहरणादाखल, १२.२५ टक्के उतारा असल्यास २०२४–२५ च्या सूत्राने प्रतिटन ४,०६४ रुपये होतात. त्यातून कारखान्याने केलेल्या तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो प्रतिटन ९०० रुपये धरल्यास शेतकऱ्याच्या हाती ३,१६४ रुपये येतात. उतारा एका टक्क्याने कमी धरला गेला तर याच हिशेबात ३३२ रुपयांचा फरक पडतो. उतारा आणि तोडणी-वाहतूक खर्च यांच्या तपासणीची मागणी परिषदेत का होते, हे या गणितावरून ध्यानात येते.

ऊस गाळपास गेल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. थकबाकीदार कारखान्याविरुद्ध साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढू शकतात आणि जिल्हाधिकारी साखरेच्या साठ्यासह मालमत्ता जप्त करू शकतात. उत्तर प्रदेश, पंजाब व हरियाणा ही राज्ये केंद्राच्या दराखेरीज आपला वेगळा दर जाहीर करतात. महाराष्ट्रात तशी पद्धत नाही. रंगराजन समितीने २०१२ साली साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकास देण्याची शिफारस केली. त्यास अनुसरून महाराष्ट्राने २०१३ साली ऊस दर विनियमनाचा कायदा केला आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस दर नियंत्रण मंडळ स्थापण्यात आले.

उगम

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० साली नाशिक जिल्ह्यात प्रतिटन ३०० रुपये दरासाठी आंदोलन करून उसाच्या दराचा प्रश्न राज्याच्या राजकारणात आणला. शिरोळचे राजू शेट्टी हे याच संघटनेतून पुढे आले. उसाच्या दरासाठी हंगामापूर्वी परिषद घेण्याची जयसिंगपूरची प्रथा एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. शेतकरी संघटनेतील राजकीय भूमिकांच्या मतभेदांतून २००४ साली स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी झाली. तेव्हापासून परिषदेचे संयोजन तिच्याकडे आहे. २०२१ मध्ये विसावी, २०२२ मध्ये एकविसावी, २०२३ मध्ये बाविसावी आणि २०२४ मध्ये तेविसावी परिषद झाली. कोरोना साथीमुळे २०२० ची परिषद दूरदृश्य माध्यमातून घ्यावी लागली.

कार्यपद्धती

परिषद बहुधा ऑक्टोबर वा नोव्हेंबर महिन्यात होते. तिच्यापूर्वी गावोगाव बैठका घेतल्या जातात. काही वर्षी पदयात्राही निघते. छातीवर लाल बिल्ला लावलेले कार्यकर्ते हे सभेचे नेहमीचे दृश्य असते. भाषणांनंतर ठराव वाचून दाखविले जातात आणि उपस्थितांच्या संमतीने ते मंजूर होतात. दराच्या ठरावाखेरीज वजनकाट्यांचे संगणकीकरण व तपासणी, साखरेच्या किमान विक्रीदरात वाढ, थकीत रकमेवरील व्याज, इथेनॉल व उपपदार्थांच्या उत्पन्नातील वाटा, कर्जमुक्ती असे विषय ठरावांत असतात. साखरेचा किमान विक्रीदर केंद्राने २०१८ साली प्रतिकिलो २९ रुपये ठरविला व २०१९ साली तो ३१ रुपये केला. त्यानंतर एफआरपी वाढत गेला तरी हा दर दीर्घकाळ तेथेच राहिला, ही कारखानदारांचीही तक्रार आहे. या एका मागणीवर कारखानदार आणि संघटना यांचे एकमत दिसते.

परिषदेत मागणी जाहीर झाल्यावर वाटाघाटी सुरू होतात. तोडगा न निघाल्यास ऊसतोड बंद पाडणे, उसाने भरलेली वाहने अडविणे, काट्यासमोर ठिय्या देणे आणि अखेर महामार्ग रोखणे असा आंदोलनाचा क्रम राहिला आहे. बैठका प्रायः जिल्हाधिकारी कार्यालयात होतात. मध्यस्थी करणारे मंत्रीच कधी स्वतः, तर कधी कुटुंबीयांमार्फत एखाद्या कारखान्याशी निगडित असतात. वाटाघाटीच्या मेजावर शासन आणि कारखानदार या दोन बाजू वेगळ्या ओळखता येत नाहीत, हा संघटनेच्या मांडणीतील मध्यवर्ती मुद्दा आहे.

प्रमुख आंदोलने

२०११ साली राजू शेट्टी यांनी पंढरपूरहून बारामतीपर्यंत पदयात्रा काढून तेथे उपोषण केले. आंदोलन कोल्हापूरबाहेर, राज्याच्या सत्ताकेंद्रापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. २०१२ साली पहिल्या उचलीसाठी झालेले आंदोलन हिंसक वळणावर गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. शेट्टी यांना इंदापूर येथे अटक झाली. कायद्याने निश्चित केलेल्या किमतीच्या वर काही रुपये मिळविण्यासाठी माणसे दगावावीत, यावर राज्यभर संताप व्यक्त झाला. रंगराजन समितीच्या शिफारशींना अनुसरून राज्याचा कायदा पुढील वर्षी झाला.

२०१६–१७ च्या हंगामात कोल्हापुरातील कारखान्यांनी एफआरपी अधिक १७५ रुपये देण्याचे मान्य केले. एफआरपी ही दराची कमाल मर्यादा नसून केवळ आधाररेषा आहे, ही संघटनेची भूमिका त्यातून रूढ झाली.

२०२३ साली मागील हंगामातील उसास प्रतिटन ४०० रुपये जादा मिळावेत या मागणीसाठी शेट्टी यांनी २२ दिवसांची व ५२२ किलोमीटरांची आक्रोश पदयात्रा काढली. तिची सांगता परिषदेत झाली. त्यानंतर पुणे–बंगळुरू महामार्ग रोखण्यात आला. अखेर २३ नोव्हेंबर २०२३ रोजी, मागील हंगामात ३,००० रुपयांपेक्षा कमी दर दिलेल्या कारखान्यांनी १०० रुपये आणि त्याहून अधिक दिलेल्यांनी ५० रुपये द्यावेत, असा तोडगा निघाला. मागणीच्या तुलनेत ही रक्कम अल्प होती. परंतु हंगाम संपून गेल्यावर, हिशेब मिटल्याचे सांगितले जात असताना, पुन्हा रक्कम द्यावी लागणे हे आंदोलनाचे यश मानले गेले.

एफआरपीच्या हप्त्यांचा वाद

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना देणारा निर्णय काढला. पुणे व नाशिक महसूल विभागांत १० टक्के आणि इतरत्र ९.५ टक्के उतारा धरून पहिला हप्ता द्यावा आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर, प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यानंतर द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. कोल्हापूरसारख्या अधिक उताऱ्याच्या जिल्ह्यात त्यामुळे शेतकऱ्याची मोठी रक्कम अनेक महिने कारखान्याकडे राहणार होती. पीककर्जाची परतफेड आणि पुढील लागवडीचा खर्च याच काळात येत असल्याने या निर्णयास तीव्र विरोध झाला.

शेट्टी यांनी या निर्णयास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने तो रद्द केला. केंद्राच्या नियंत्रण आदेशात १४ दिवसांत रक्कम देण्याची तरतूद असताना राज्यास ती बदलण्याचा अधिकार नाही, हा या वादातील कळीचा मुद्दा होता. मैदानावरील ठरावाला न्यायालयीन निर्णयाची जोड मिळाल्याचे परिषदेच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण आहे. तथापि निर्णय निघाल्यापासून तो रद्द होईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

आजारी कारखाने आणि शिखर बँक

कारखानदारी आणि सत्ता यांच्या संबंधांची दुसरी बाजू महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या, अर्थात शिखर बँकेच्या प्रकरणात पुढे आली. या बँकेच्या संचालक मंडळावर सर्व प्रमुख पक्षांचे नेते होते आणि त्यांतील काहींचा संबंध कर्जदार कारखान्यांशीही होता. रिझर्व्ह बँकेच्या हस्तक्षेपानंतर मे २०११ मध्ये संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमण्यात आले. थकबाकीदार सहकारी कारखाने लिलावात काढण्यात आले आणि त्यांतील अनेक खासगी कंपन्यांच्या हाती गेले. कमी किमतीत व संबंधितांनाच विक्री झाल्याचे आरोप झाले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये गुन्हा नोंदविण्यात आला. नुकसानीचा आकडा २५ हजार कोटी रुपयांपर्यंत असल्याचा आरोप होता. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला, राज्यातील सत्तांतरानंतर तपास पुन्हा सुरू करण्याची भूमिका घेतली आणि नंतर पुन्हा बंद करण्याचा अहवाल दिला. याच प्रकरणाशी संबंधित म्हणून सक्तवसुली संचालनालयाने जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील जरंडेश्वर कारखान्याच्या मालमत्तेवर टाच आणली. या प्रकरणातील आरोप संबंधित नेत्यांनी नाकारले आहेत.

कारखाना विकला गेल्याने त्याचा सभासद मालकीहक्क गमावतो आणि केवळ ऊस पुरविणारा उरतो. ज्या खासगी मालकीतून सुटका व्हावी म्हणून सहकार उभा राहिला, त्याच मालकीकडे काही ठिकाणी तो परत गेला. परिषदेतील भाषणांत या विक्रीचा विषय म्हणूनच वारंवार येतो.

निवडणुकीचे राजकारण

परिषदेने घडविलेल्या जनमताचा प्रभाव निवडणुकांवर पडला. शेट्टी २००४ साली शिरोळ मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले. २००९ साली हातकणंगले लोकसभा मतदारसंघात त्यांनी निवेदिता माने यांचा, तर २०१४ साली साखर कारखानदारीतील ज्येष्ठ नेते कल्लाप्पाण्णा आवाडे यांचा पराभव केला. 'एक व्होट, एक नोट' अशी हाक देऊन मतदारांकडूनच मत आणि वर्गणी मागण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. उमेदवाराने मतदारास पैसे वाटण्याच्या प्रथेला दिलेले हे उलट उत्तर होते.

सत्तेच्या जवळ गेल्यावर चळवळीतही फूट पडली. २०१४ साली संघटना भाजपप्रणीत आघाडीत होती. तिचे नेते सदाभाऊ खोत २०१६ मध्ये राज्यमंत्री झाले. २०१७ साली शेट्टी या आघाडीतून बाहेर पडले. खोत यांची संघटनेतून हकालपट्टी झाली आणि त्यांनी रयत क्रांती संघटना स्थापन केली. २०१९ साली संघटनेने काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसशी, म्हणजे ज्यांच्या कारखानदार नेत्यांविरुद्ध ती लढत आली होती त्याच पक्षांशी, हातमिळवणी केली. त्या निवडणुकीत निवेदिता माने यांचे पुत्र धैर्यशील माने यांनी शेट्टी यांचा पराभव केला. २०२४ साली स्वतंत्रपणे लढूनही शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. दराच्या आंदोलनात मागे उभा राहणारा शेतकरी मतदानात मात्र जात, पक्ष, गट आणि कारखान्याशी असलेले संबंध यांचाही विचार करतो, असे या निकालांवरून दिसते.

तुलना

उद्योगांच्या राजकारणावरील प्रभावाची चर्चा बहुधा अमेरिकेच्या संदर्भात होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात २१ जानेवारी २०१० रोजी दिलेल्या निकालामुळे कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याचा मार्ग मोकळा झाला. साखर हा त्या देशातही राजकारणाचा विषय आहे. आयातीवरील कोटा आणि आधारभूत कर्जे यांमुळे अमेरिकेतील साखरेचा दर जागतिक दरापेक्षा दीर्घकाळ चढा राहिला आहे आणि हे संरक्षण टिकविण्यासाठी उद्योग राजकीय देणग्या देत आला आहे. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा भागातील 'अमेरिकन क्रिस्टल शुगर' ही बीट उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था अशा देणगीदारांत अग्रणी समजली जाते.

दोन्हीकडील यंत्रणेत एक मूलभूत भेद आहे. अमेरिकेत उद्योग देणगी देऊन लोकप्रतिनिधीकडून धोरण मिळवितो. देणारा आणि घेणारा निदान कागदोपत्री वेगळे असतात आणि देणगीची नोंद काही अंशी तरी उपलब्ध असते. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याचा अध्यक्षच आमदार वा मंत्री असल्यास देणगीचा प्रश्नच उद्भवत नाही. कारखान्याचे कामगार, वाहने, शिक्षणसंस्था आणि उसाचा दर हीच निवडणुकीची साधने होऊ शकतात आणि त्यांची नोंद कोणत्याही हिशेबात येत नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली, कारण पक्षाला पैसा कोणाकडून येतो हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे. उसाच्या दरातून वळणारा पैसा या उजेडाच्या कक्षेत येत नाही.

टीका आणि मर्यादा

परिषदेवर अनेक बाजूंनी टीका होते. मागणीचा आकडा साखरेच्या बाजारभावाशी सुसंगत नसतो आणि आंदोलनामुळे हंगाम लांबून उसाचे वजन घटते, असे कारखानदारांचे म्हणणे आहे. सीमाभागातील कारखाने आधी सुरू होऊन ऊस तिकडे जातो, असाही त्यांचा आक्षेप असतो. प्रतिस्पर्धी शेतकरी संघटनांच्या मते तोडगा नेहमीच मागणीपेक्षा बराच खाली होतो आणि तो कसा ठरला हे शेतकऱ्यांना पूर्णपणे कळत नाही. परिषद आणि निवडणूक यांचा संबंध असल्याने आंदोलनाच्या हेतूविषयीही शंका घेतल्या जातात.

काही प्रश्न परिषदेच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. बीड, धाराशिव आदी जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची मजुरी हा तोडणी खर्चाचाच भाग असतो. तोडणी खर्च वाढला की शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम घटते, त्यामुळे या दोन कष्टकरी वर्गांचे हितसंबंध एकमेकांसमोर उभे राहतात. उसाच्या अतिरिक्त पाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनींचा प्रश्न शिरोळ तालुक्यात तीव्र आहे. केवळ दर वाढल्याने तो सुटत नाही.

महत्त्व

कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा हे सभासदाने हिशेब विचारण्याचे कायदेशीर स्थान आहे. तेथे विषयपत्रिकेवरील ठराव गोंधळात आणि काही मिनिटांत मंजूर झाल्याच्या बातम्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. जो प्रश्न सभासद म्हणून आपल्या कारखान्यात विचारता येत नाही तो शेतकरी म्हणून मैदानात विचारता येतो, हे जयसिंगपूरच्या परिषदेचे महत्त्व आहे. तिच्यामुळे दर, उतारा, वजन आणि तोडणी खर्च हे शब्द सामान्य शेतकऱ्याच्या बोलण्यात आले. एका कारखान्याने दर जाहीर केला की शेजारच्या कारखान्यांनाही त्याचा विचार करावा लागतो, अशी स्पर्धा या भागात निर्माण झाली.

परिषदेला कायद्याचा कोणताही आधार नाही आणि तिचा ठराव कोणावर बंधनकारक नाही. साखर आयुक्तालय, ऊस दर नियंत्रण मंडळ, सहकार निवडणूक प्राधिकरण आणि न्यायालये या यंत्रणा अस्तित्वात असूनही ती दरवर्षी भरते आणि तिच्याकडे तीन जिल्ह्यांचे लक्ष लागलेले असते.